एकदांडी : परिचय, परंपरा आणि पाठ

शाळेच्या बागेतील जास्वंद, सदाफुली किंवा झेंडू यांची ओळख शिक्षक मुलांना आवर्जून करून देतात. बागेच्या कुंपणापलीकडे, पायवाटेच्या कडेने आपोआप उगवणाऱ्या झाडोऱ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ग्रामीण मुलाचा नित्याचा संबंध येतो तो याच झाडोऱ्याशी. गुरे राखताना, शेताच्या बांधावरून शाळेत येताना, खेळताना तो त्याच्या पायांखाली असतो. त्यांतील एका वनस्पतीशी तर मुलांचे नाते फार जवळचे असते. दगडाला ठेच लागली किंवा विळ्याने बोट कापले की मूल चटकन खाली वाकते, मूठभर पाला ओरबाडते, तळहातावर चोळते आणि त्याचा हिरवा रस जखमेवर पिळते. हा पाला म्हणजे एकदांडी, अर्थात दगडी पाला.

हे ज्ञान त्या मुलाला कोणी पुस्तकातून दिलेले नसते. ते त्याला आजीकडून, बापाकडून किंवा बरोबरीच्या सवंगड्यांकडून मिळालेले असते. अशा ज्ञानाचा शाळेने आदर करावयास हवा. परंतु शिक्षकाच्या मनात त्या वेळी दोन प्रश्न उभे राहिले पाहिजेत. पहिला प्रश्न असा, की मुलाने ओरबाडलेला पाला खरोखरच एकदांडीचा होता काय? आणि दुसरा, की पाला लावण्यापूर्वी जखम धुतली होती काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वनस्पतीच्या लक्षणांतच सापडतात. म्हणून वनस्पतीचे वर्णन हा एक पाठ आणि तिचे उपयोग हा दुसरा पाठ, अशी विभागणी न करता दोहोंचा मिळून एकच पाठ कसा घेता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

१. नावे आणि त्यांतील अर्थ

या वनस्पतीला महाराष्ट्रात एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी, जखमजोडी अशी निरनिराळी नावे आहेत. तिचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स असे आहे. लोकांनी दिलेली नावे निरर्थक नसतात. बहुधा ती निरीक्षणातून आलेली असतात. एका लांब दांडीच्या टोकाला एकच फूल, ही गोष्ट ‘एकदांडी’ या नावाशी जुळते. खडकाळ माळावर, दगडी गडग्यांच्या फटींत व पडक्या भिंतींवरही ती उगवते, हे ‘दगडी पाला’ या नावाशी जुळते. खोड थोडे वर येऊन पुन्हा कंबर मोडल्यासारखे जमिनीकडे वाकते, हे ‘कंबरमोडी’ या नावाशी जुळते. शास्त्रीय नावातील ‘प्रोकंबेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘जमिनीवर पसरणारी’ असाच आहे. एका दूरदेशीच्या शास्त्रज्ञाने आणि महाराष्ट्रातील गावकऱ्याने एकच लक्षण टिपले, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

‘जखमजोडी’ हे नाव उपयोगावरून आलेले आहे. तमिळ भाषेत या वनस्पतीला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘कापलेल्या जखमेची वनस्पती’ असा होतो आणि तेलुगूतील एका नावाचा अर्थ ‘जखमेचा पाला’ असा होतो. तीन भाषांतील लोकांनी एकाच उपयोगावरून तिला नाव द्यावे, यावरून तो उपयोग किती दूरवर पसरलेला आहे हे दिसते.

येथे एक सावधगिरी मात्र सांगावयास हवी. स्थानिक नावे गावागावांत बदलतात आणि कधी कधी एकच नाव दोन वनस्पतींना असते. ‘टणटणी’ हे नाव काही ठिकाणी एकदांडीला लावतात. परंतु अनेक भागांत टणटणी म्हणजे घाणेरी, जिचा पाला गुरांच्या पोटात गेल्यास विषबाधा होते. म्हणून केवळ नावावर विसंबू नये. नाव ऐकावे, परंतु ओळख लक्षणांवरूनच पटवावी.

२. मूलस्थान

गावात सर्वत्र आढळणारी ही वनस्पती मूळची आपल्याकडील नाही. तिचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांत आहे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला शास्त्रीय नाव दिले. त्या ग्रंथात तिचे ठिकाण म्हणून मेक्सिकोतील व्हेराक्रुझ या स्थळाचा उल्लेख आहे. तेथून ती उष्ण प्रदेशांतील अनेक देशांत पसरली. काही देशांत ती शेतीला उपद्रव देणारे तण म्हणूनच ओळखली जाते.

यावरून एक महत्त्वाचा बोध होतो. अमेरिका खंडाशी जुन्या जगाचा नियमित संबंध १४९२ नंतर सुरू झाला. त्यामुळे आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत एकदांडीचे वर्णन असण्याचा संभव नाही. तिच्याच कुलातील माका मात्र भृंगराज या नावाने त्या ग्रंथांत आलेला आहे. म्हणजे एकदांडीचा उपयोग गावकऱ्यांनी गेल्या काही शतकांतच, स्वतःच्या अनुभवाने शोधून काढला आहे. मिरची, बटाटा, भुईमूग व पेरू हीदेखील अमेरिकेतूनच आलेली पिके होत. आज त्यांवाचून आपले स्वयंपाकघर चालत नाही. नवी वस्तू पारखून घेण्याची आणि उपयोगी ठरली तर आपलीशी करण्याची ही वृत्ती परंपरेचाच भाग आहे. परंपरा म्हणजे केवळ जुने ते जपणे नव्हे, हे मुलांना या उदाहरणावरून सहज समजते.

३. बाह्यस्वरूप

खोड. एकदांडीचे खोड बारीक, गोलसर व लवदार असते. ते जमिनीलगत पसरते आणि त्याची टोके वर उचललेली असतात. जमिनीला टेकलेल्या पेरांपासून मुळे फुटतात. त्यामुळे वरचा भाग गुरांनी खाल्ला किंवा तुडविला तरी झाड तग धरून राहते. साधारणपणे तिची उंची २० ते ५० सेंटिमीटर असते.

पाने. पाने साधी असून पेरावर समोरासमोर, म्हणजे संमुख, येतात. पान ३ ते ६ सेंटिमीटर लांब, टोकदार व तळाकडे निमुळते असते. देठ आखूड असतो. पानाच्या कडा ओबडधोबड दातेरी असतात. कधी कधी त्या इतक्या खोल कापलेल्या असतात की पानाला खंड पडल्यासारखे वाटते. दोन्ही पृष्ठांवर राठ केस असतात. डोळे मिटून बोट फिरविले तरी हा खरखरीतपणा जाणवतो.

फूल. ज्याला आपण एकदांडीचे ‘फूल’ म्हणतो ते एक फूल नसून अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्यास स्तबक म्हणतात व त्यातील प्रत्येक लहान फुलास पुष्पक म्हणतात. १० ते ३० सेंटिमीटर लांबीच्या ताठ, लवदार दांडीवर हे स्तबक एकटेच असते. त्याचा व्यास एक ते दीड सेंटिमीटर असतो. त्याच्या खाली हिरव्या, लवदार छदांचे वेटोळे असते. ते बाहेरून फुलाच्या निदलपुंजासारखे दिसते. परंतु ते संपूर्ण स्तबकाचे आवरण होय.

स्तबकात दोन प्रकारची पुष्पके असतात. कडेची पुष्पके पांढुरकी किंवा फिकट पिवळी असून त्यांना किरण-पुष्पके म्हणतात. त्यांची संख्या बहुधा पाच असते. प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते असतात आणि ही खूण नुसत्या डोळ्यांनीही दिसते. ही पुष्पके स्त्रीलिंगी असतात. मधली पिवळी पुष्पके पुष्कळ असतात. ती नळीसारखी, टोकाला पाच दाते असलेली व द्विलिंगी असतात. त्यांना बिंब-पुष्पके म्हणतात. त्यांतील पाच परागकोश एकमेकांना चिकटून एक नळी बनते. मधली पुष्पके कडेकडून केंद्राकडे क्रमाक्रमाने उमलत जातात. त्यामुळे एका स्तबकावर कीटकांना अनेक दिवस खाद्य मिळते. लहान निळी फुलपाखरे एकदांडीवर नेहमी बसलेली दिसतात, त्याचे कारण हेच.

फळ. प्रत्येक पुष्पकापासून एकेक लहान, काळपट, केसाळ फळ तयार होते. ते सुमारे २ मिलिमीटर लांब असते. त्याच्या माथ्यावर पिसांसारख्या केसांचा झुबका असतो. कोरड्या हवेत हा झुबका पसरतो आणि फळ वाऱ्यावर तरंगत दूर जाते. ज्याला मुले ‘बी उडाले’ असे म्हणतात ते शास्त्रदृष्ट्या संपूर्ण फळ असते. बी त्याच्या आत असते.

४. कुल आणि आप्त

एकदांडी सूर्यफुलाच्या कुलातील आहे. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांत याची गणना होते. यात जगभरातील सुमारे २५,००० जाती येतात. अनेक लहान पुष्पके एका सामाईक बैठकीवर एकत्र येऊन एका फुलाचा भास होणे, हे या कुलाचे मुख्य लक्षण होय.

या कुलातील पुष्कळ वनस्पती मुलांच्या परिचयाच्या असतात. सूर्यफूल, करडई व कारळा ही तेलबियांची पिके. झेंडू व शेवंती ही पूजेची फुले. माका व गोरखमुंडी या औषधी वनस्पती. आणि पावसाळ्याच्या शेवटी सह्याद्रीची पठारे पिवळी करणारी सोनकी, ही सर्व याच कुलातील आहेत. एकदांडीचे स्तबक नीट पाहिलेल्या मुलाला झेंडूचे फूल उलगडून दाखविले, तर तो ही आप्तता स्वतःच ओळखतो.

५. पारंपरिक उपयोग

महाराष्ट्रात एकदांडीचा मुख्य उपयोग जखमेवर होतो. ताजी पाने चोळून किंवा ठेचून त्यांचा रस काप, खरचटणे व ठेच यांवर पिळतात, किंवा चोथा जखमेवर ठेवून वर फडके बांधतात. यामुळे रक्त थांबते व जखम लवकर भरते असा अनुभव लोक सांगतात. जनावरांच्या लहान जखमांवरही हा पाला लावण्याची चाल आहे. याखेरीज अतिसार, आव, खोकला इत्यादी विकारांवर आणि केसांसाठीही निरनिराळ्या प्रदेशांत तिचा उपयोग सांगितला जातो.

या समजुतीला काही आधार आहे काय, असा प्रश्न चौकस शिक्षकास पडेल. पानांत टॅनिन व फ्लेव्होनॉइड या वर्गांतील द्रव्ये आढळतात. टॅनिन तुरट असते, आणि तुरट पदार्थांनी कातडी आवळली जाते हे आवळा किंवा सुपारी चघळणाऱ्यास ठाऊक असते. भारतातील प्रयोगशाळांत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतही पानांच्या अर्काचा जखम भरण्यावर अनुकूल परिणाम दिसून आला आहे. तेव्हा आजीचा अनुभव निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

तथापि प्रयोगशाळेतील अर्क आणि वाटेवरचा पाला यांत मोठे अंतर आहे. प्रयोगासाठी पाने धुतात, वाळवितात, त्यांचा अर्क काढतात, त्याचे प्रमाण ठरवितात आणि प्राण्याची जखमही स्वच्छ ठेवतात. रानात यांपैकी काहीच घडत नाही. शिवाय प्राण्यांवरील प्रयोगात जे दिसले ते माणसाच्या बाबतीत तसेच्या तसे खरे ठरते असे नाही. पोटात घेण्याच्या उपयोगांविषयी तर शाळेने मुळीच सूचना देऊ नये. ते काम जाणत्या वैद्याचे किंवा डॉक्टरांचे आहे.

६. लक्षण आणि धोका यांचा संबंध

येथे पुन्हा वनस्पतीच्या लक्षणांकडे वळले पाहिजे. एकदांडी जमिनीवर पसरते. ती पायवाटेवर, गोठ्याजवळ आणि गुरांच्या वाटेवर उगवते. म्हणूनच ठेच लागताच ती हाताशी सापडते. परंतु ज्या गुणामुळे ती हाताशी सापडते, त्याच गुणामुळे तिच्या पानांवर माती व शेण यांचे कण असतात. पानांवरील राठ केसांत हे कण अडकून राहतात आणि नुसते झटकून ते जात नाहीत.

माती व शेण यांत धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके असतात. ती अत्यंत चिवट असून वर्षानुवर्षे टिकतात. खोल जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही अशा ठिकाणी, ती वाढीस लागतात व विष निर्माण करतात. काटा, खिळा किंवा दाताळे यांनी झालेली अरुंद व खोल जखम यासाठीच अधिक धोक्याची असते. वरून रक्त कमी आलेले असल्यामुळे घरचे लोक तिला किरकोळ समजतात. अशा जखमेत न धुतलेला पाला दाबून भरला व वर घट्ट फडके बांधले, तर जंतूंना हवे असलेले सर्व काही मिळते. धनुर्वात हा प्राणघातक रोग आहे, आणि तो लसीने टाळता येण्याजोगा आहे.

म्हणून शिक्षकांनी पुढील गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवाव्यात.

(१) जखम झाल्यावर प्रथम हात धुवावेत आणि नंतर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. माती, कुसळ, खडा आत राहू देऊ नये.

(२) रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर ठेवून सुमारे दहा मिनिटे सारखे दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. रक्त थांबविण्याचा हा उपाय सर्वांत खात्रीचा आहे.

(३) खोल, मातीने भरलेली, गंजलेल्या वस्तूने झालेली किंवा रक्त न थांबणारी जखम असल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. धनुर्वातप्रतिबंधक इंजेक्शन हवे की नाही, हे तेथील डॉक्टर ठरवितात.

(४) कुत्रा किंवा अन्य प्राणी चावल्यास कोणताही पाला, हळद, चुना किंवा तिखट लावू नये. जखम साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा.

(५) राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार वयाच्या १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी लस दिली जाते. पाचवीच्या वर्गातील बहुतेक मुले दहा वर्षांच्या आसपासची असतात. कोणाची लस राहिली आहे, याची चौकशी या पाठाच्या निमित्ताने सहज करता येईल.

मग एकदांडी लावूच नये काय? मुलांच्या बाबतीत शिक्षकांनी आपण होऊन ती लावू नये आणि लावण्याचा उपदेशही करू नये. शाळेत प्रथमोपचाराची पेटी आहे. तिचाच उपयोग करावा. घरी वडीलधारी मंडळी ती लावीत असतील, तर जखम आधी धुवावी आणि खोल जखमेत पाला भरू नये, एवढा निरोप मुलांमार्फत अवश्य जावा.

७. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

माका. माका ओलसर जागी, पाटाच्या कडेला किंवा भातखाचरांत वाढतो. त्याची पाने एकदांडीप्रमाणेच संमुख व खरखरीत असतात, परंतु ती अधिक अरुंद असून जवळजवळ बिनदेठाची असतात. स्तबके पांढरी व लहान असून त्यांची दांडी आखूड असते. फळावर पिसांचा झुबका नसतो. माक्याचा पाला चुरगळला असता थोड्याच वेळात रस काळसर पडतो. ही खूण मुलांना फार आवडते.

गाजरगवत. ही वनस्पती सूर्यफुलाच्याच कुलातील आणि अमेरिकेतूनच आलेली आहे. १९५५ साली पुणे येथे तिची नोंद झाली व त्यानंतर ती देशभर पसरली. तिची पाने एकाआड एक असून गाजराच्या पानांसारखी बारीक चिरलेली असतात. झाड ताठ उभे वाढते व त्याला लहान पांढऱ्या स्तबकांचे दाट झुबके येतात. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज व चट्टे उठतात. परागांमुळे शिंका व दम्याचा त्रास होतो. शाळेच्या आवारातील स्वच्छतेच्या वेळी मुलांकडून गाजरगवत उघड्या हातांनी कधीही उपटून घेऊ नये. एकाच कुलातील व एकाच खंडातून आलेल्या दोन वनस्पतींपैकी एक लोकांना उपयोगी वाटली आणि दुसरी उपद्रवी ठरली. कुल सारखे म्हणून गुण सारखे, असे अनुमान काढणे किती चुकीचे आहे, हे यावरून दिसते.

८. पाठाची आखणी

इयत्ता पाचवी. विषय परिसर अभ्यास. वेळ दोन तासिका. पाठासाठी पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. परंतु ओलावा असेल तेथे एकदांडी जवळजवळ वर्षभर फुललेली असते.

साहित्य. बहिर्गोल भिंग, मोजपट्टी, पांढरा कागद, टाचणी, जुनी वर्तमानपत्रे, हात धुण्यासाठी पाणी व साबण.

प्रस्तावना. शिक्षकांनी झेंडूचे एक फूल दाखवून विचारावे : “माझ्या हातात किती फुले आहेत?” सर्व मुले “एक” म्हणतील. उत्तर चूक आहे असे सांगू नये. “पाठ संपल्यावर पुन्हा विचारीन,” एवढेच म्हणावे.

निरीक्षण. वर्गाला पायवाटेवर न्यावे. जागा शिक्षकांनी आदल्या दिवशी पाहून ठेवावी. काच, काटे व गाजरगवत नसलेली जागा निवडावी. प्रत्येक गटाने एकदांडीचे एकच झाड निवडून दांडीची व पानाची लांबी मोजावी. पान डोळे मिटून स्पर्शाने ओळखण्याचा प्रयत्न करावा. जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळे फुटली आहेत काय, हे पाहावे.

विवेचन. वर्गात परतल्यावर स्तबक कागदावर ठेवून टाचणीने पुष्पके अलग करावीत. किरण-पुष्पकांची संख्या शिक्षकांनी आधी सांगू नये. प्रत्येक मुलाने पाच स्तबकांवरील संख्या मोजून फळ्यावर नोंदवावी. चाळीस मुलांच्या वर्गात दोनशे नोंदी होतील. बहुतेक ठिकाणी पाच, परंतु काही ठिकाणी कमी-अधिक संख्या दिसेल. निसर्गातील नियमाला अपवाद असतात आणि अपवादही प्रामाणिकपणे नोंदवावयाचे असतात, हा संस्कार या नोंदींतून होतो.

तुलना. एकदांडी, माका व झेंडू या तिहींची स्तबके शेजारी ठेवून साम्य व भेद सांगावयास लावावेत. त्यानंतर प्रस्तावनेतील प्रश्न पुन्हा विचारावा. आता “एक” असे उत्तर येणार नाही.

उपयोजन. दुसऱ्या तासिकेत उपयोगांचा विचार करावा. येथे एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, “गुरुजी, माझी आजी हाच पाला लावते. परवा मला लावला आणि मी बराही झालो.” अशा वेळी शिक्षकाच्या एका वाक्यावर पुष्कळ अवलंबून असते. “हा अडाणीपणा आहे,” असे म्हटले, तर मूल घरी जाऊन आजीचा उपमर्द करील, किंवा यापुढे जखम शिक्षकांपासून लपवील. “आजी करते ते सर्व बरोबर,” असे म्हटले, तर उद्या खोल जखमेतही न धुतलेला पाला भरला जाईल. या दोहोंऐवजी शिक्षकांनी म्हणावे : “बाळ, आजीला पाला ओळखता येतो, ही मोठी गोष्ट आहे. पाला लावण्यापूर्वी आजी काय काय करतात, ते विचारून ये आणि उद्या वर्गाला सांग.”

दुसऱ्या दिवशी येणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कोणाची आजी आधी जखम धुते, कोणाची पाला धुऊन घेते, कोणाची तसाच लावते. या उत्तरांतूनच चर्चा पुढे न्यावी. एका पांढऱ्या वाटीत स्वच्छ पाणी घेऊन, वाटेवरून आणलेली दहा पाने त्यात खळखळून धुवावीत आणि वाटीच्या तळाशी बसलेला गाळ मुलांना दाखवावा. “हे सर्व जखमेत गेले असते,” एवढे एक वाक्य त्यानंतर पुरेसे होते. मात्र धुतलेले पान निर्जंतुक झाले असा समज राहू देऊ नये. गाळ डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत, हे स्पष्ट सांगावे. शेवटी सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

९. स्वाध्याय

(१) एकदांडीचे चित्र काढून खोड, पान, दांडी, छदे, किरण-पुष्पके व बिंब-पुष्पके दाखवा.

(२) एकदांडी व माका यांतील चार भेद लिहा.

(३) आपल्या गावात एकदांडीला कोणती नावे आहेत? घरातील तीन वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.

(४) एकदांडीचे पिकलेले फळ खोलीत, वारा नसताना, एक मीटर उंचीवरून सोडा. खाली येण्यास किती वेळ लागतो? झुबका काढून पुन्हा सोडा. फरक का पडला?

(५) सूर्यफुलाच्या कुलातील पाच वनस्पती शोधा. प्रत्येकीचे एक फूल वर्तमानपत्रात दाबून वाळवा व वहीत चिकटवा. गाजरगवताला हात लावू नका. त्याचे चित्र काढा.

(६) खिळा पायात गेला असता काय करावे, हे क्रमाने लिहा व घरी वाचून दाखवा.

शेवटच्या स्वाध्यायाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. मुलाने तो घरी खरोखर वाचून दाखविला काय, आणि घरच्यांनी त्यावर काय म्हटले, हे आस्थेने विचारावे. शाळेतील पाठ घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचतो तो अशाच मार्गाने. पुढे केव्हा तरी पायात खिळा रुतलेल्या मुलाला पाहून त्याची आजी अंगणातील पाल्याकडे वळण्यापूर्वी पाण्याचा तांब्या व साबण घेऊन आली, आणि जखम धुऊन त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेली, तर एकदांडीचा हा पाठ सफल झाला असे समजावे.